न आणलेला दाखला

होळी, वसई
रविवार

प्रिय ऋतिका,

डॉक्टर विनयाबाईंचा दाखला मी आणलेला नाही. आणणारही नाही. हे वाचून तू चिडशील, आणि चिडायचा तुला पूर्ण हक्क आहे, कारण तुझ्या वकिलांच्या हातात तीस दिवस होते आणि त्यातले बारा मी असेच घालवले. तू रोज विचारत होतीस आणि मी रोज काहीतरी ठोकून देत होतो. बाई गावाला गेल्यात. दवाखान्यात गर्दी होती. बाईंचा शिक्का सापडत नाही. शिक्का सापडत नाही हे तर इतक्या सहज तोंडातून निघालं की माझं मलाच हसू आलं. रेशनच्या कचेरीत एकतीस वर्षं लोकांना मी हेच सांगत आलो. व्हिडिओ कॉलवर मला हे बोलता येत नाही. तिथे आर्या माझ्या मांडीवर असते, तुझी आई मागून डोकावत असते आणि तू ड्युटीवरून येऊन, अंगावरचं जाडजूड जाकीटही न काढता, आमच्याकडे बघून हसत असतेस. त्या हसण्यासमोर माझी जीभ रेटत नाही. म्हणून हे पत्र. आज दुपारी फोटो काढून तुला पाठवतो, आणि मूळ कागद उद्या कुरियरने.

खरं म्हणजे बाई कुठेही गेल्या नव्हत्या. तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तुझा जुना केसपेपर काढायला लावला, मला चहा मागवला आणि म्हणाल्या, "आत्मारामकाका, पोरीचं भलं होत असेल तर देते लिहून. सांगा, काय लिहू?" मी सांगितलं तसं, की नवरा गेल्यानंतर दीड-दोन वर्षं ऋतिकाचं चित्त ठिकाणावर नव्हतं, आपण काय लिहितोय आणि कशावर सही करतोय याचं तिला भान नव्हतं. बाईंनी पॅड पुढे ओढलं, तारीख घातली आणि सवयीने केसपेपर उलटून पाहिला. मग पेन खाली ठेवलं. "पण काका, हिनेच तर माझी चूक पकडली होती. आर्याच्या लशीची तारीख मी महिन्याने पुढची टाकली होती. ही म्हणाली, मॅडम, कार्ड बघा, हा डोस आजचाच आहे. अनुजला जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते." तरीही त्या लिहायला तयार होत्या. भली बाई आहे. मीच म्हटलं, राहू द्या, आणि उठलो. घरी आलो तेव्हा तुझ्या आईने दाखवलं की माझ्या पायात एक चप्पल माझी आणि एक दुसऱ्याच कुणाची होती.

तुला हे सगळं नव्याने सांगायला नको, पण मला एकदा ओळीने मांडू दे, कचेरीत टिपणी लिहायचो तशी. मनात गुंता झाला की मला एवढंच येतं. तू कॅनडाला गेलीस तेव्हा आर्या चार वर्षांची होती, आता सात पूर्ण होतील. तू तिला बोलावून घेण्यासाठी पहिला अर्ज केलास, तो नाकारला गेला, कारण तुझ्या मूळ अर्जात तुला मूल असल्याचा उल्लेखच नव्हता. तिकडचा नियम असा की जे मूल पहिल्या अर्जात दाखवलं नाही, ते पुढे कुटुंबातलं म्हणून बोलावता येत नाही. मग वकिलांनी दुसरा अर्ज केला, माणुसकीच्या नात्याने विचार करा म्हणून. त्यावर पंधरा दिवसांपूर्वी त्यांचं पत्र आलं, तीस दिवसांत खुलासा करा म्हणून. त्यात आता मूल का आणू द्यायचं हा प्रश्नच नाही. तुम्ही मूल का लपवलंत, हा प्रश्न आहे. दोन गोष्टी त्यांनी पुढे ठेवल्या आहेत. एक, उतरल्यावर विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा तू स्वतःच्या तोंडाने मूल नाही म्हणालीस. दुसरी, निघायच्या एकोणीस दिवस आधी त्यांनी तुझ्या अर्जाच्या ऑनलाइन खात्यावर तोच प्रश्न पाठवला होता आणि त्याचंही उत्तर "नाही" असं गेलं. याचा समाधानकारक खुलासा झाला नाही तर आर्याचं जाणं तर राहिलंच, तुझं तिथे राहणंही काढून घेतील. ते पत्र वाचून तू फोन केला होतास. म्हणालीस, "बाबा, विमानतळावरचं मला लख्ख आठवतं, ते पाप मी रोज आठवते. पण ते आधीचं उत्तर मी कधी लिहिलं, मला काही केल्या आठवत नाही. माझ्या हातून एवढं लिहिलं गेलं आणि मला आठवतही नाही? मी कसली आई होते तेव्हा?" आणि तूच सुचवलंस की विनयाबाईंकडून वेड लागल्याचा दाखला आणा. वेड हा शब्द तुझाच. वकिलांनी नंतर त्याला चांगला शब्द दिला.

अर्ज मी भरला होता हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. आपल्या होळी गावात कुणाचा अर्ज माझ्याशिवाय भरला जातो? पेन्शन असो, सातबारा असो, पासपोर्ट असो, कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून सिप्रियन लोकांना सरळ आपल्या ओट्यावर पाठवतो. निवृत्त झाल्यावर तोच माझा मान होता, दुसरा कुठला? तुझ्या तेव्हा हॉस्पिटलात बारा-बारा तासांच्या पाळ्या, वर ती इंग्रजीची परीक्षा. तू घरी यायचीस ती डोळे अर्धे मिटलेलेच. मी सही करायच्या जागी पेन्सिलने फुली मारून ठेवायचो आणि तू जेवता जेवता डाव्या हाताने कागद धरून सह्या करायचीस. मुलांच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं, सोबत येणारी आणि न येणारी, सगळी मुलं लिहा. मी ते वाचलं होतं. पण माझं डोकं रेशनकार्डाचं. आमच्याकडे माणूस म्हणजे एक युनिट. गाव सोडायचं तर आधी जुन्या कार्डातून नाव कमी करायचं, तसा दाखला घ्यायचा, नव्या ठिकाणी जाऊन स्वतःचं कार्ड करायचं, आणि मग सवडीने बायकापोरांची नावं त्यावर चढवायची. हजारो लोकांचं मी तसंच केलं. जाणारी तू एकटी, म्हणून युनिट एक. तू विचारलंस, "बाबा, आर्याचं नाव?" मी म्हटलं, आधी तुझं कार्ड होऊ दे, मग तिचं चढवू. तुझी वैद्यकीय तपासणी होती त्या दिवशी तू पुन्हा विचारलंस, आर्याची नाही का करायची म्हणून. मी पुन्हा तेच सांगितलं, आणि वर हसलोही, की एकतीस वर्षं मी काय गवत उपटत होतो का?

ही चूक तू मला केव्हाच माफ करून टाकली आहेस. पहिला नकार आला तेव्हा तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही चांगल्या मनाने केलंत, शिकलेली मी होते, मी वाचायला हवं होतं." गावातही सगळे हळहळतात. देवळात भेटले की म्हणतात, बिचाऱ्या आत्मारामला काय माहीत तिकडचे कायदे. ही हळहळ मी तेव्हापासून खातो आहे. ती पचत नाही.

कायद्याच्या बाबतीत मी कुणाला नावं ठेवू शकत नाही. माझ्या खिडकीसमोर सबंध नवी वसई उभी राहिलेली मी पाहिली आहे. कोकणातून, देशावरून, उत्तरेतून लोक येत होते, पूर्वेला इमारती उठत होत्या, आणि प्रत्येकाला कार्ड हवं होतं. एक बाई होती, नवरा रंगकाम करायचा, ती कडेवर पोर घेऊन सात वेळा आली. तिच्याकडे गावाकडचं नाव कमी केल्याचा दाखला नव्हता. गावात तिचं कुणी उरलंच नव्हतं, आणणार कुठून? मी सातही वेळा तिला कागद परत केला. मनात चीडसुद्धा यायची, की कागदपत्रं नाहीत तर येतात कशाला. आठव्यांदा ती आली नाही आणि मी तिला विसरलो. आता विसरत नाही. तिकडच्या खात्यातही माझ्यासारखाच कुणी चष्मेवाला बसला असेल, त्याच्यासमोर तुझी फाईल असेल, आणि रकाना रिकामा दिसतोय म्हटल्यावर तो तरी काय करणार? त्याला आर्या दिसत नाही. मला ती रंगाऱ्याची बायको समोर उभी असून दिसली नव्हती.

आणि या सगळ्यात त्यांचं तरी कुठे भलं होतंय? तू मागे सांगितलं होतंस त्या तुझ्या फिलिपिनो मैत्रिणीबद्दल. दोन मुलगे मागे ठेवून आलेली, पाच वर्षं कागद फिरत राहिले, शेवटी नोकरीवर पाणी सोडून परत गेली. तिच्या जागी माणूस मिळालं नाही म्हणून तुमच्या वृद्धाश्रमातली एक अख्खी बाजू बंद केली, आणि ती ब्याण्णव वर्षांची शेतकरीण आजी, जिला तू अंघोळ घालायचीस, तिला शंभर किलोमीटर लांब दुसरीकडे हलवलं. तू म्हणाली होतीस, तिथे कुणाला माहीत नसेल की ती बिनदुधाचा चहा घेते आणि पाणी गार असलं की रडते. त्यांना तुमची गरज आहे, ऋतू. गरज आहे म्हणूनच बोलावतात. पण माणूस येतं ते पोराबाळांसकट येतं, आणि तेवढं सगळं तपासून घ्यायला त्यांना फार वेळ लागतो. तेवढ्यात तिकडची म्हातारी माणसं उपरी होतात आणि इकडची पोरं परकी.

इकडच्या पोरीचं सांगतो. आर्याला वाटतं की व्हिसा म्हणजे परीक्षा आहे आणि तू ती देते आहेस. दुसऱ्या अर्जाच्या वेळी मी घरात बोललो होतो, निकाल लागायचा आहे म्हणून, त्यातून तिने हे घेतलं. ते पत्र आलं त्या दिवशी तुझ्या आईचा चेहरा बघून तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "आजोबा, मम्मी परत नापास झाली?" आणि लगेच म्हणाली, "तिला ओरडू नका हां. तिला मॅथ्स कठीण जात असेल." त्या दिवसापासून ती तुला फोनवर अभ्यासाबद्दल विचारत नाही, तुझ्या लक्षात आलं का? तुला वाईट वाटेल म्हणून. शाळेतल्या पोरींना मात्र सांगते की माझी मम्मी एकदम हुशार आहे, फक्त तिकडच्या टीचर स्ट्रिक्ट आहेत.

तू गेलीस तेव्हापासून तिचं सगळं आमच्याकडे. मी तिला स्कूटरवर शाळेत सोडतो. ती पुढे उभी राहायची, आता मागे बसते आणि वर्गातल्या भानगडी माझ्या पाठीला सांगते. फाटकाशी उतरली की माझा हात एकदा घट्ट दाबते आणि मग पळते. तुझी आई तिचं न्हाणं, तिची शिवण, तिचे लाड यातच दिवस काढते. गुडघे दुखतात म्हणून देवळात जाणं सोडलंय, पण आर्याला जास्वंद हवी असली की वाडीच्या टोकापर्यंत जाते. गेली तीन वर्षं हे घर दोन म्हाताऱ्यांचं वाटलेलं नाही. हे मी का सांगतोय ते तुला पुढे कळेल.

आता जे सांगायचं ते सांगतो. पहिला नकार आला त्या दिवशी तू फोनवर रडत होतीस आणि मी तुला धीर देत होतो, की बघू, अपील करू, माणूस चंद्रावर गेला, एवढं होणार नाही का? फोन ठेवला आणि मी वाडीत गेलो. राजेळी केळीच्या बुंध्याशी बसलो. मला वाटलं होतं मला रडू येईल. पण मला बरं वाटलं, ऋतू. सुटल्यासारखं वाटलं. पोटची पोर तिकडे परक्या देशात एका खोलीत एकटी रडत होती आणि तिच्या बापाच्या छातीवरचा दगड उतरला होता. संध्याकाळी मी आर्याला किल्ल्याच्या बाजूला जेट्टीवर घेऊन गेलो, होड्या दाखवल्या, कुल्फी दिली. तुझ्या आईने केळीच्या पानात पानग्या केल्या. सणासारखी संध्याकाळ गेली. तुझ्या आईने निदान तोंडाने कबूल केलं. ताट वाढताना म्हणाली, "बरं झालं एका परी. पोरीची वेनी कोन घालनार होतं तिकडं?" मी तिच्यावर ओरडलो. आईबापाला काही वाटतं का नाही, असं काहीतरी बोललो. ओरडलो कशाला, तर माझ्याच मनातलं ती बोलली म्हणून.

विमानतळाचं तू पाप म्हणतेस. ते तुझं नाही. वाटेत विमान बदलायचं होतं तिथून तू मला फोन केला होतास. तीन तास मध्ये होते. तू म्हणालीस, "बाबा, तिथे उतरल्यावर मुलंबाळं विचारतात म्हणे. आधी गेलेल्या फेलिशियाला विचारलं होतं. आर्याचं सांगू ना?" ही तिसरी वेळ. तुझा आवाज मला अजून ऐकू येतो, मागे कुठल्या तरी भाषेत घोषणा चालली होती. मी कचेरीतल्या माणसाच्या थाटात सांगितलं, कागदावर आहे तेवढंच बोलायचं, कागदाबाहेरचा शब्द काढलास की फाईल अडकते. तू हो म्हणालीस. तू मला कधी नाही म्हणाली आहेस? आणि अकरा-बारा तासांनी त्या खिडकीसमोर उभी राहून, चार वर्षांच्या लेकीचा फोटो पर्समध्ये असताना, मूल नाही म्हणालीस. नंतर तू मला म्हणालीस की तुम्हाला तरी काय माहीत होतं, बाबा.

मला माहीत होतं.

तू निघायच्या एकोणीस दिवस आधी त्यांचं पत्र कॉम्प्युटरवर आलं ते मी पाहिलं. तुझ्या खात्याचा पासवर्ड आपल्या दोघांकडे होता, पण उघडून बघणारा मीच. इंग्रजी अवघड नव्हतं, तरी खात्री करायला मी त्याची प्रत काढायला सिप्रियनकडे गेलो. त्याने दुकानातल्या दुकानात ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, "आत्माराम, बघ, ते सरळ विचारतायत. कुणाचं नाव राहिलं असेल तर निघायच्या आत सांगा, नंतर ऐकून घेणार नाही. आर्याचं कळवून टाक आजच. दोन-चार महिने उशीर होईल, होऊ दे. पोरगी अडकेल बाबा." मी म्हटलं, आजच कळवतो. रस्त्याने येताना मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. आर्याचं नाव टाकलं की तिची तपासणी, अनुजचे कागद, दोघींच्या खर्चाची तजवीज, सगळं नव्याने. तेवढ्यात तुझी नोकरीची जागा गेली तर? अनुज गेल्यापासून पहिल्यांदाच तू आरशात बघून केस विंचरायला लागली होतीस. ही कारणं खोटी नव्हती. पण मला थांबवलं ते त्यांनी नाही. घरी आलो तर ओट्यावर तुझी आई आर्याला घेऊन बसली होती, आर्या मोगऱ्याच्या कळ्या वेचून टोपलीत टाकत होती आणि प्रत्येक कळी टाकताना माझ्याकडे बघत होती, शाबासकी मिळते का म्हणून. मला दिसलं की ही पण जाणार. दोघी जाणार. आणि मग या ओट्यावर मी आणि तुझी आई, समोरासमोर, मरेपर्यंत. मी आत गेलो, दार लोटलं आणि कॉम्प्युटर सुरू केला.

हे पत्र दाखल्याच्या जागी लावायचं आहे, ऋतिका. त्यासाठीच लिहिलंय. यातलं तुझ्या वकिलांना लागेल तेवढं त्यांनी इंग्रजीत करून घ्यावं. उद्या सकाळी मी कोर्टासमोरच्या नोटरीकडे जाऊन एवढंच प्रतिज्ञापत्रावर लिहून देणार आहे, माझं पूर्ण नाव, वय एकाहत्तर, सही आणि अंगठा. त्या दिवशी काढलेली प्रत माझ्या लाल फाईलमध्ये होती, कागद फाडायची मला सवय नाही; ती सोबत जोडली आहे. सिप्रियन साक्षीला यायला तयार आहे. तीन वर्षं मी त्याला सांगत आलो की मी कळवलं होतं, त्यांनीच घेतलं नाही. काल खरं सांगितलं तेव्हा त्याने मला बसायलाही सांगितलं नाही. तुझ्या आईलाही काल सांगितलं. सकाळपासून ती आर्याला समोर बसवून स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकवते आहे. माझ्यावर काय कारवाई व्हायची ती होऊ दे. तू मला माफ करू नकोस, मागच्या वेळी फार लवकर केलंस. पण त्या खुलाशात तुला वेड लागलं होतं असं एक अक्षरही लिहू नकोस, कारण आर्या कधीतरी तो कागद वाचेल. त्या दिवशी तू पाळीवर होतीस, हॉस्पिटलच्या हजेरीपटावर तुझी सही असेल. सव्वातीनला इथे, तुझ्या नावाने, मूल नाही असं मी टाईप केलं. तुला ते उत्तर आठवत नाही, बाळा, कारण ते तू लिहिलंच नव्हतंस.

तुझाच, जसा आहे तसा,
बाबा